एमएम ५४० : कातळाच्या वाटेसाठी आधी काय करावं?

सातेरी_पाटगाव

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० आहे. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, फोर-व्हील आणि लो (गाडी आणखी मंद पण जोरात ओढायला लावणारा जादा गिअर) दोन्ही चालू. काकांनी घेतल्यापासून घरातच आहे, वडापला (प्रवासी भाड्यानं न्यायला) कधी लावली नाही. पासिंगही झालेलं आहे. मी कोल्हापुरात नोकरीला असतो, सुट्टीला पाटगावला. तिथं वरच्या अंगाला आमची काजूची बाग आहे आणि बागेच्या कडेनं आम्ही सातेरी जातीच्या मधमाशांच्या पेट्या ठेवतो.

बागेची वाट अशी आहे. खाली तांबड्या मातीची चाकोरी, मग ओढा, ओढ्यात गोल गोटे, आणि ओढा ओलांडला की जांभ्याचा चढ. या चढाला पायऱ्या पडल्यात. काही घोट्याएवढ्या, मधल्या दोन-तीन गुडघ्याला लागतील एवढ्या. त्यावर सुटे दगड. एका वळणावर गाडी चांगलीच दरीकडं कलते. पावसानंतर दगडावर शेवाळ असतं.

मधपेट्या रात्रीच हलवाव्या लागतात, सगळ्या माशा पेटीत परत आल्यावर. चौकटी गाडीच्या लांबीला समांतर ठेवतो, दाव्यानं घट्ट बांधतो. तरी गाडी एकदा जोरात आदळली की पोळं चौकटीतून सुटतं, मध सांडतो आणि माशा पेटी सोडून जातात. म्हणून मला ही वाट सावकाश आणि न आदळता चढायची आहे. शर्यतीत उतरायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही.

आत्ताच्या तक्रारी सांगतो. स्टिअरिंग चार बोटं मोकळं फिरतं. पन्नासच्या वर एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थरथरायला लागतात, गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थरथर जात नाही. पुढच्या डाव्या नकलमधून (ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा सांधा) तेल गळतं. उतारावर लो निसटतो, लिव्हर हातानं दाबून धरावी लागते. मागचा डावा पाटा (पोलादी पानांची स्प्रिंग) बसलाय. आणि मोठ्या पायरीवर मागचं एक चाक हवेत जाऊन नुसतं गरगरत राहतं.

एका गॅरेजनं काम सुचवलं ते असं : पाटे ॲक्सलच्या वर घ्यायचे, ३१ इंची टायर टाकायचे आणि मागचा डिफ (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरसंच) वेल्ड करून टाकायचा. यातलं काहीच थरथर किंवा निसटणाऱ्या लो-बद्दल नाही, म्हणून इथं विचारतोय. माझ्याकडं यंदा साठेक हजार आहेत. पावसाळ्याआधी काय करावं आणि कुठल्या क्रमानं?

उद्यमनगर_लेथ

भावा, वाटेचं वर्णन इतकं नीट दिलंस की उत्तर देणं सोपं झालं. मी उद्यमनगरात लेथवर असतो. जुन्या जीपांचे शाफ्ट, नकल, किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती), बुश हे माझं रोजचं काम. कारखान्याच्या ऊसपट्ट्यात फिरलेल्या जीपांपासून गारगोटी-आजऱ्याकडच्या डोंगरातल्या जीपांपर्यंत सगळ्या माझ्या टेबलावर येतात. माझं मत आधीच सांगतो. कातळावर गाडी चढते ती मंद गतीनं आणि चारी चाकं जमिनीला टेकलेली राहिल्यामुळं. उंचीचा नंबर त्यानंतर लागतो. तुझ्या कामाला तर उंची जवळपास लागतच नाही.

पहिलं काम पुढचा ॲक्सल. थरथर आणि गळणारा नकल हे दोन वेगळे आजार दिसत असले तरी ते एकाच जागी बसलेत. बंद नकलच्या आत वर-खाली किंगपिनची दोन टेपर बेअरिंगं असतात. ती ढिली झाली की चाकाला स्वतःच्या मर्जीनं डावीकडं-उजवीकडं हलायला जागा मिळते, आणि खड्डा लागला की ती हालचाल वाढतच जाते. बरेच जण यावर स्टिअरिंग डॅम्पर टाकतात. डॅम्परनं थरथर दबते, ढिलेपणा तसाच राहतो आणि पुढं टाय रॉड एंड (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) खातो.

तपासायची रीत अशी. इंजिन बंद, गाडी चाकांवर उभी. एकानं स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून एकेक सांधा हाताला लावून बघायचा. स्टिअरिंग बॉक्सचा शाफ्ट हलतो पण ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडं जाणारा दांडा) हलत नाही, लिंक हलते पण नकलचा हात हलत नाही, जिथं हालचाल हरवते तिथं दोष. बॉक्स चासीला जिथं बोल्टनं धरलाय तिथंही बघ. कधी बॉक्स चांगला असतो आणि चासीच तडकलेली असते. मग पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलव. खेळ (ढिलेपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन.

किंगपिनला ताण शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून येतो. वरच्या आणि खालच्या टोपीखालच्या शिम सारख्या काढायच्या, एकाच बाजूच्या काढल्या तर नकल ॲक्सलच्या टोकाच्या गोळ्याच्या मध्यावर राहत नाही आणि सील एकीकडून खाल्ला जातो. टाय रॉड सोडवून, नकलच्या हाताला स्प्रिंगचा ताणकाटा लावून ओढायचं. दोन्ही बाजूंना सारखा, पण जाणवेल एवढा ताण पाहिजे. नकल नुसता बोटानं फिरत असेल तर ढिला आहे.

आता गळती. बाहेर येणारं तेल पातळ, गिअर ऑइलसारखं असेल तर ते डिफमधून येतंय, म्हणजे ॲक्सलच्या नळीतला आतला सील गेलाय. तो आधी बदल. घट्ट ग्रीस येत असेल तर बाहेरचा मोठा सील. गोळ्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवा सीलसुद्धा थोड्याच दिवसांत फाटतो. अशा वेळी गोळा घासून हार्ड क्रोम करून ग्राइंड करतात, ही कामं कोल्हापुरात नीट होतात. डिफचा ब्रीदरही (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) उघडून साफ कर. तो चिखलानं बुजला की गरम हवेच्या दाबानं चांगला सीलही तेल सोडतो. आणि गरम डिफ थंड ओढ्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेऊन ठेव. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी गेलंय समज, लगेच बदल.

दुसरं, लो. उतारावर लो निसटणं हे मी सगळ्यात गंभीर धरतो, कारण त्या चढावरून उतरताना तुझा खरा ब्रेक तोच आहे. या जातीच्या ट्रान्सफर केसमध्ये (फोर-व्हील आणि लोची गिअरपेटी) मधला शाफ्ट आणि त्याची नीडल बेअरिंगं झिजतात. शाफ्ट झिजला की त्यावरचा गिअर कलतो, दात तिरपे लागतात आणि इंजिन गाडीला मागं ओढायला लागलं की गिअर बाहेर ढकलला जातो. सोबत शिफ्टिंग फोर्कची जाडी आणि लिव्हरच्या गोळीमागची स्प्रिंगही बघायची. शाफ्ट नवा मिळाला तर नवाच घाल. घरातली भोकं मोठी झाली असतील तर बुश करता येतात. हे काम घाईत करून घेऊ नको आणि जो मिस्त्री डायल लावून खेळ मोजत नाही त्याच्याकडं देऊ नको.

मग चासी. पाट्यांच्या हँगरपाशी, शॅकलपाशी (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी), स्टिअरिंग बॉक्सपाशी वायर ब्रशनं रंग काढून बघ. शंका आली तर डाय पेनिट्रंट मारून घे. लाल रंग, मग पांढरी पावडर, केसाएवढी चीरही उठून दिसते. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांकडं हे रोजचं काम आहे. चीर निघाली तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग व्ही काढून, सुकवलेल्या ७०१८ रॉडनं वेल्डिंग. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोड, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर अजिबात फिरवू देऊ नको.

पाटे आणि टायरवर नंतर लिहितो. त्याआधी एक मोजमाप करून सांग. मागचं एक चाक जॅकवर घे, दुसरं जमिनीवर राहू दे, बाकी चाकांना ओंडके लाव. गिअर आणि ट्रान्सफर दोन्ही न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून डिफकडं जाणारा दांडा) किती फेरे फिरतो ते खडूची खूण करून मोज. तेच तुझं क्राऊन-पिनियनचं (डिफमधल्या मोठ्या आणि लहान गिअरचं) गुणोत्तर.

जिप्सी_गडहिंग्लज

लेथवाल्या दादांनी लिहिलेलं पटलं. मी जिप्सी किंग चालवतो, १.३ लिटरची, म्हणून वेगळी बाजू मांडतो. अशा वाटेवर वजन फार महत्त्वाचं असतं. जिप्सी टनाच्या आसपास आहे, पुढं पेट्रोल इंजिन हलकं, त्यामुळं पायरीवर नाक चटकन उचललं जातं आणि शेवाळावर घसरली तरी सावरते. नवी जिप्सी २०१९ पासून बंद आहे, पण सैन्याच्या लिलावातल्या गाड्या अजून बाजारात फिरतात. साठ हजार दुरुस्तीत घालण्याआधी ५४० विकून जिप्सी बघावी का, एवढा विचार कर असं मला वाटतं.

एक मात्र डिझेलच्या बाजूनं सांगायला हवं. जिप्सीला पायरीवर क्लच वापरून आरपीएम राखावा लागतो. तुमचं प्यूजो इंजिन आयडलवरसुद्धा ओढतं. पेट्या मागं असताना ती ओढ जास्त कामाची.

डिफ वेल्ड करायच्या मात्र मी साफ विरोधात आहे. डांबरी रस्त्यावर वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळं फिरायलाच हवं. वेल्ड केल्यावर ते अडतं, टायर घासतात, आणि ओल्या घाटात मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. गगनबावड्याच्या पावसात करूळ घाट अशा गाडीनं उतरायची कल्पनाही मला नको वाटते. शिवाय कातळात चाक अडकलं की सगळा जोर एकाच हाफ शाफ्टवर (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) येतो आणि तो तुटतो.

सातेरी_पाटगाव

दोघांचेही आभार. गाडी विकणार नाही. काका अजून रोज सकाळी तिच्यावर हात फिरवतात, तो विषय घरात निघणारच नाही.

मोजमाप केलं. चाकाच्या दोन फेऱ्यांना प्रॉपेलर शाफ्ट पाचाला थोडा कमी फिरला. खुणेवरून चार आणि जवळपास नऊ-दशांश.

स्टिअरिंगही तपासलं. बॉक्समध्ये थोडा खेळ आहे, पण जास्त हालचाल डाव्या किंगपिनला हरवते. ब्रेक दाबला तरी खेळ जात नाही. तेल पातळ आहे, म्हणजे आतला सील. ब्रीदरच्या जागी मातीचा गोळाच निघाला.

आता पाटे आणि टायरबद्दल सांगा. सध्या ६.००-१६ चे नायलॉन टायर आहेत, ट्यूबवाले.

उद्यमनगर_लेथ

तुझा ४.८८ चा सेट आहे. क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८. जुन्या विलीस घराण्यातला ४३ आणि ८ वाला सेट ५.३८ देतो, तो अजून मंद, पण त्यासाठी डिफ उघडून पैसे घालायची गरज मला दिसत नाही.

हिशेब बघ. लो साधारण अडीच पट कमी करतो. पहिला गिअर, लो आणि डिफ यांचा गुणाकार चाळिसाच्या आसपास धरला, इंजिन आयडलला ७०० आरपीएम धरलं आणि चाकाचा घेर २.३ मीटर, तर गाडी तासाला अडीच किलोमीटरच्या आत चालते. म्हणजे माणूस चालतो त्याच्या निम्म्यानं. ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून, क्लच न दाबता ती पायरीला टेकते, दबते आणि चढते. तुझ्या पेट्यांना हेच हवंय. ३१ इंची टायर टाकलास की घेर आठेक टक्क्यांनी वाढतो आणि तेवढी मंदगती तू स्वतःच्या हातानं घालवतोस. क्लच, शाफ्ट, ब्रेक सगळ्यांवर तेवढा जास्त ताण.

उंचीचाही हिशेब ऐक. पाटे वर घेतले की चासी पाचेक इंच वर जाते, पण दगडाला लागतो तो डिफचा पोटभाग, आणि तो ॲक्सलबरोबर आहे तिथंच राहतो. डिफ वर जातो तो फक्त टायरनं, तोसुद्धा अर्धा. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर डिफ एक इंच वर. बदल्यात तुला काय मिळतं? ड्रॅग लिंक तिरकी होते, चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग आपोआप वळतं. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात. ॲक्सल पाट्याखाली टांगला गेल्यानं जोर लावला की पाटा एस आकारात पिळतो. ब्रेकचे होस तोकडे पडतात. आणि दरीकडं कलणाऱ्या त्या वळणावर वजन पाच इंच वर गेलेलं असतं, मागं भरलेल्या पेट्यांसकट. हे काम नीट करणारे लोक आहेत आणि नीट झालं तर गाडी चांगली चालते, पण त्यासाठी पाट्यांच्या बैठका नव्यानं बसवणं, पिनियनचा कोन मोजणं, स्टिअरिंगचे हात बदलणं हे सगळं आलं. तुझ्या वाटेला ते लागत नाही.

लांब शॅकल टाकून दोन इंच वाढवा, असंही कुणीतरी सांगेल. शॅकल पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत पुढं लांब शॅकल टाकला की ॲक्सल पुढं झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागं कललेला कोन) कमी होतो आणि गाडी सरळ चालत नाही. पाटा आणि ॲक्सलमध्ये पाचर घालून ते सुधारता येतं, पण मुळात आजार ओढवून का घ्यायचा?

तुझ्या पाट्यांना उंचीपेक्षा मोकळेपणा हवाय. मागचा डावा संच पूर्ण उतरव. तुटलेलं पान, कापलेला सेंटर बोल्ट, खाल्लेले बुश बघ. बसलेल्या पाट्याला भट्टीत तापवून, ठोकून कमान देणारे भेटतात. तशी कमान लवकर बसते, कारण पुन्हा पाणी देऊन टेंपर केलं नाही तर पोलाद मऊच राहतं. त्यापेक्षा ईएन ४५ (स्प्रिंगचं पोलाद) ची नवी पानं घालून घे, दोन्ही बाजूंना, म्हणजे गाडी कलणार नाही. जुन्या पानांमधला गंज वायर ब्रशनं साफ करून ग्राफाइट ग्रीस लाव. गंजलेली पानं एकमेकांवर सरकत नाहीत, सगळा संच एका जाड पट्टीसारखा ताठ होतो आणि मग चाक हवेत जातं. तुझ्या हवेत जाणाऱ्या चाकाचं अर्धं कारण इथंच असेल. मागं पेट्यांचं वजन फार नसेल तर जास्तीची जाड पानं भरू नको.

पाटे बसवल्यावर अंगणातच तपास. पुढचं एक चाक दगडाच्या चबुतऱ्यावर हळू चढव आणि तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक किती खाली लोंबतं ते बघ. ते लोंबणं कुठं अडतंय? शॉक ॲब्सॉर्बर संपला असेल तर लांब शॉक घे. ब्रेकचा होस ताणला जात असेल तर तो आधी बदल, त्यात चालढकल करू नको.

टायर. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३ मिलिमीटर येतो, म्हणजे एकोणतीस इंचाला थोडा कमी. तुझ्या ६.००-१६ च्या जवळपास तेवढाच. मंदगती जात नाही, रुंदी मात्र दीडपट. रिम पाच बोल्टचं, १३९.७ पीसीडीचं (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) लागेल. विकत घ्यायच्या आधी एक रिम ड्रमवर घालून, स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून पाट्याला घासतंय का बघ. घेताना ट्यूबलेस रेडियल घे, बाजूची भिंत जाड असलेला. जांभ्याची कड धारदार असते, टायर तळाला नाही, बाजूला फाटतो.

आणि हवा. ओढ्यापाशी थांबून १८ ते २० पीएसआयवर आण. टायर दगडाभोवती बसतो, पकड वाढते आणि आदळणं बरंच कमी होतं. फुकटचं काम आहे आणि पेट्यांसाठी सगळ्यात मोठं. ट्यूबवाल्या टायरमध्ये मात्र हवा एवढी उतरवू नको, टायर रिमवर सरकला की ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. डांबरीवर येण्याआधी हवा परत भर, एक छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेव.

चाक हवेत गेलंच तर वेल्ड केलेल्या डिफची गरज नाही. फोर-व्हील लोमध्ये डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून धर आणि किंचित ॲक्सिलरेटर दे. गरगरणारं चाक ब्रेकनं अडतं आणि जोर जमिनीवरच्या चाकाकडं जातो. सपाटीवर एकदा सवय करून घे. पायरीला सरळ न भिडता थोडं तिरकं जायचं, म्हणजे एकावेळी एकच चाक चढतं.

ब्रेक राहिला. चारी ड्रम आहेत. ओढा ओलांडल्यावर ते भिजलेले असतात, पेडल हलकं दाबून दहा-वीस पावलं चालवून सुकवायचे, मगच चढाला लागायचं. आणि हळू चालवायची गाडी असेल तर रेडिएटरचा श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) जागेवर आहे ना ते बघ. वेग नसताना सगळी हवा फॅनलाच ओढावी लागते, श्राउड नसेल तर चढावर काटा वर जातो.

पन्हाळा_रोड

यांत्रिक बाजू पूर्ण झाली, कागदाची सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती बदलेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं, की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल नोंदणीत चालणार नाही. समोरच्या बुल बारबद्दल (बंपरपुढच्या लोखंडी दांड्या) केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईचं कळवलेलं आहे. जुन्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी येतं आणि तेव्हा हे सगळं दिसतं. पाच इंच उचललेली गाडी एमएच ०९ च्या (कोल्हापूर आरटीओच्या) ट्रॅकवर अडली तर परत खाली आणायचा खर्च वेगळाच, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो. लेथवाल्यांनी सांगितलेली कामं बहुतेक दुरुस्तीत मोडतात, त्यामुळं अडचण कमी. टायरचा आकार बदलण्याआधी मात्र आरटीओत विचारून घे. टो हुक लावायचा तर तो चासीला, ८.८ ग्रेडच्या बोल्टनं. बंपरला लावलेला हुक ओढताना सुटला तर गोळीसारखा येतो.

सड्यावरची_वाट

मी वनस्पतींच्या अभ्यासासाठी या भागात फिरते, म्हणून माझी एक विनंती. तुमची वाट तुमच्या मालकीतली आणि आधीची आहे, तिच्याबद्दल प्रश्न नाही. पण गाडी चांगली झाली की भटवाडीहून चिक्केवाडी, रांगण्याकडं जावंसं वाटेल, मित्रही गळ घालतील. तिथं वनखात्याची परवानगी लागते. राधानगरी अभयारण्याच्या बाजूला तर परवानगीशिवाय गाडी नेताच येत नाही. ते जंगल २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि रात्री तिथं गवे वाटेवर उभे असतात.

सड्यावर चाकोरी सोडून बाजूनं गाडी घालू नका. उघड्या कातळासारखा दिसणारा जांभ्याचा सडा पावसाळ्यात जिवंत होतो. दोन बोटं मातीच्या थरात दवबिंदू, सीतेची आसवं अशा कीटकभक्षी वनस्पती येतात. चाक एकदा गेलं की तो थर खरवडून जातो आणि पुढच्या पावसात वाहून जातो. तुमच्या सातेरीलाही सड्यावरचा फुलोरा लागतोच. डबक्याला वळसा घालून नवी चाकोरी पाडण्यापेक्षा डबक्यातूनच सरळ जा. हवा उतरवलेला टायर आणि मंद लो यामुळं चाक गरगरत नाही, जमीनही कमी उकरली जाते.

सातेरी_पाटगाव

ताई, चाकोरी सोडणार नाही, आणि रांगण्याला चालतच जाऊ. बुल बार लावायचा विचार होता, तो काढून टाकला.

क्रम असा धरलाय. आधी पुढचा ॲक्सल दोन्ही बाजूंनी उघडायचा, किंगपिन बेअरिंग, आतले सील, ब्रीदरची नळी. त्याच वेळी ट्रान्सफर केस खाली. मग ब्रेकचे होस आणि मागचे पाटे. आरटीओत विचारून, पैसे उरले तर टायर, नाहीतर दिवाळीनंतर. तोवर नायलॉनवरच चालवतो, हवा फार न उतरवता. लेथवाले दादा, नकल उघडल्यावर बेअरिंग बदलायचंच आहे हे कशावरून ठरवू? नुसतं शिम काढून भागलं तर?

उद्यमनगर_लेथ

बाहेरची रिंग रॉकेलनं धुऊन उजेडात तिरकी धरून बघ. सरळ रस्त्यावर नकल वर्षानुवर्षं एकाच जागी असतो, त्यामुळं रोलर रिंगवर बारीक खळगे पाडतात. नखाला खळगा लागला की बेअरिंग रिंगसकट बदल. तसंच ठेवून शिम काढून आवळलंस तर स्टिअरिंग मध्यावर अडकल्यासारखं होईल आणि वळल्यावर परत ढिलं. रिंग गुळगुळीत निघाली तर तीच ठेव, शिमवर भागेल. ट्रान्सफर केसचा मधला शाफ्ट काढलास की मायक्रोमीटरनं तीन जागी मोजून आकडे इथं टाक, घासायचा की नवा घालायचा ते त्यावरून सांगतो.